हिपॅटायटिस बी आणि सी : औषध मोफत, मग रुग्ण अडतो कुठे?

हिपॅटायटिस सी हा आजार आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी पूर्ण जात नाही, पण रोजच्या एका गोळीवर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. दोन्हींची औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. तरीही कितीतरी घरांत 'पॉझिटिव्ह' लिहिलेला रिपोर्ट कपाटात पडून राहतो आणि रुग्ण दवाखान्यात पोचतो तो थेट पोटात पाणी झाल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या बहुसंख्यांना आपल्याला आजार आहे हेच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांनाही औषध फुकट मिळतं याची कल्पना नसते. आणि ज्यांना तीही आहे, ते तपासण्या, हेलपाटे, बुडणारा रोज आणि चारचौघांत नाव होण्याची भीती यांत अडकतात. रिपोर्ट हाती आल्यापासून पहिली गोळी घेईपर्यंतचा हा टप्पा कसा पार करायचा आणि त्यात घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, गावातल्या मंडळांनी काय मदत करायची, याची ही माहिती.

प्रत्येक कावीळ सारखी नसते

कावीळ म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिली वाट झाडपाल्याच्या औषधाकडे जाते. कुणी माळ घालतं, कुणी नाकात रस सोडतं, कुणी हातावर डाग देतं. यातले बरेच रुग्ण बरे होतात आणि श्रेय माळेला मिळतं. खरं कारण वेगळं आहे. दूषित पाण्यातून व अन्नातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. (गरोदर बाईला मात्र ई प्रकार जिवावर बेतू शकतो.)

बी आणि सी यांचं तसं नाही. हे विषाणू रक्तातून, न उकळलेल्या किंवा दुसऱ्यावर वापरलेल्या सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतात. सहा महिन्यांनंतरही विषाणू शरीरात राहिला तर आजार जुनाट झाला असं म्हणतात. जन्माच्या वेळी बीची लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांत तो जुनाट होतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असतं. सी मात्र लागण झालेल्या दहांपैकी साधारण सात जणांत टिकून राहतो.

या काळात डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, माणूस कामावर जातो. आत यकृतावर व्रण साठत जातात आणि वीस-तीस वर्षांत सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून 'मला काही त्रास नाही' हे उपचार टाळायचं कारण होऊ शकत नाही.

एकच सुई अनेकांना वापरल्याने काय होतं, हे २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात दिसलं. वापरलेल्या सिरिंजमुळे तिथे हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले.

लाखांचा आकडा कसा उतरला

'सीचा उपचार लाखांत जातो' हे गावात अजून ऐकू येतं. हे एके काळी खरं होतं. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य सोसूनही बऱ्याच जणांना गुण येत नसे.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली. तिथे बारा आठवड्यांची किंमत होती ८४ हजार डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनी गिलियडने सात भारतीय कंपन्यांना ही गोळी बनवण्याचा परवाना दिला. मार्च २०१५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आणली. स्पर्धा वाढली तशा किमती आणखी खाली आल्या.

जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांतून सीचा उपचार मोफत सुरू केला. जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या फिजिशियनच्या देखरेखीखाली हा उपचार नीट होतो, हे त्यातून दिसलं. २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पुढे बीचे उपचारही त्यात आले.

या कार्यक्रमात काय मिळतं

- बी आणि सीची पहिली चाचणी.
- पहिली चाचणी पॉझिटिव्ह आल्यास विषाणू मोजणारी चाचणी (व्हायरल लोड).
- सीसाठी सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या, बारा आठवडे. सिऱ्होसिस असेल तर सोफोसबुविर-वेलपाटासविर. यकृत फारच खालावलं असेल तर त्यासोबत रिबाविरिन.
- बीसाठी टेनोफोविर किंवा एन्टेकाविर, डॉक्टर सांगतील तितका काळ.

हा कार्यक्रम देशभराचा आहे. गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात, तेलंगणा, महाराष्ट्र, सगळीकडे औषधं तीच आणि पद्धत तीच. बेळगाव किंवा इंदूरच्या मराठी माणसाला या गोळ्यांसाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

मोठ्या केंद्रांना 'मॉडेल ट्रीटमेंट सेंटर' म्हणतात. ती बहुधा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत असतात. जिल्ह्याच्या पातळीवर 'ट्रीटमेंट सेंटर' असतं. गुंतागुंत नसलेला रुग्ण जिल्ह्यातच बरा करायचा आणि अवघड रुग्ण वर पाठवायचा, अशी ही रचना आहे.

चौकशी कुठून सुरू करायची

- बेळगाव : बिम्सचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचं सिव्हिल. कारवार आणि बिदरलाही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आहेत. निपाणी-चिकोडी भागातल्या बऱ्याच जणांना कोल्हापूरचं सीपीआर जवळ पडतं.
- गोवा : बांबोळीचं गोमेकॉ, म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा रुग्णालय. गोमेकॉत २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रुग्णाने म्हणून आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारावं.
- इंदूर : एमवाय रुग्णालय.
- ग्वाल्हेर : गजराराजा मेडिकल कॉलेजचं जयारोग्य रुग्णालय.
- वडोदरा : सयाजी रुग्णालय, म्हणजे एसएसजी.
- हैदराबाद : उस्मानिया आणि गांधी रुग्णालय.

खिडकीवर 'कावीळ विभाग कुठे' असं विचारलं तर बहुतेक वेळा जनरल ओपीडीकडे बोट दाखवलं जातं. 'हिपॅटायटिस प्रोग्रामचं ट्रीटमेंट सेंटर कुठे आहे, औषध कोणत्या वारी देतात' असं विचारावं. ठरलेल्या वारीच ओपीडी असेल तर आधी कळलेलं बरं. नाहीतर एक फेरी फुकट जाते. अनेक राज्यांत १०४ क्रमांकाच्या आरोग्य हेल्पलाइनवरही ही चौकशी करता येते.

पहिल्या गोळीपर्यंतच्या पायऱ्या

१. पहिली चाचणी. बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही. रक्तपेढीत, गरोदरपणात, शस्त्रक्रियेआधी किंवा आखाती देशांत नोकरीला जाताना होणाऱ्या तपासणीत बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळतं ते इथेच.

२. दुसरी चाचणी. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे सी आहेच असं नाही. तो कधीतरी होऊन गेला असू शकतो. विषाणू आज अंगात आहे का, हे एचसीव्ही-आरएनए चाचणी सांगते. बीमध्ये एचबीव्ही-डीएनए पाहतात. गोव्यातल्या मोल्बायो कंपनीच्या ट्रूनॅटसारख्या लहान यंत्रांवरही या चाचण्या होतात.

३. यकृताची स्थिती. महागड्या फायब्रोस्कॅनविना उपचार सुरू होत नाही, हा समज चुकीचा आहे. एएसटी, एएलटी, प्लेटलेट आणि वय यांवरून 'एपीआरआय' आणि 'फिब-४' असे दोन आकडे काढतात. व्रण किती आहे, याचा पुरेसा अंदाज त्यावरून येतो. सोबत सोनोग्राफी करतात.

४. निर्णय. सीचा विषाणू सापडला की उपचार बहुतेक सगळ्यांना देतात. बीमध्ये विषाणूचं प्रमाण, एएलटी आणि यकृतावरचा व्रण पाहून ठरवतात. काहींना फक्त दर सहा महिन्यांनी तपासणी पुरते. 'तुम्हाला सध्या गोळी नको' असं डॉक्टर म्हणाले तर त्याचा अर्थ 'पुन्हा येऊ नका' असा नसतो. पुढची तारीख लिहून घ्यावी.

५. नोंदणी आणि औषध. ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, सगळे जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

औषध फुकट, पण खर्च उरतोच

सीच्या साध्या रुग्णाच्या फेऱ्या मोजून पाहाव्यात. नोंदणी व रक्त देण्याची एक, रिपोर्ट व पहिलं औषध घेण्याची दुसरी. औषध सहसा चार आठवड्यांचं देतात, म्हणजे आणखी दोन. उपचार संपताना एक, आणि विषाणू गेला का हे पाहायला बारा आठवड्यांनी शेवटची. सगळं सुरळीत झालं तरी सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला गाडीभाडं, दोघांचं जेवण आणि एकाचा, बहुधा दोघांचा, बुडालेला रोज.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा सत्तरीतल्या मजुराला हा खर्च जड जातो. त्यातच आरएनए यंत्र बंद किंवा किट संपलेलं असलं, की 'बाहेरून करून आणा' असं सांगितलं जातं. तिथेच अनेकांची गाडी थांबते. अशा वेळी किट कधी येणार हे विचारून तारीख घ्यावी किंवा मॉडेल सेंटरकडे नमुना पाठवता येईल का, हे विचारावं. आठ-पंधरा दिवस थांबल्याने साध्या रुग्णाचं नुकसान होत नाही. आशा सोडून घरी बसल्याने होतं.

भाड्याचा भार थोडा हलका करणाऱ्या सवलती आहेत. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून तशीच सोय आहे. महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मं तिकीट लागतं.

कार्डांचा गोंधळ

सीमाभागात एक प्रश्न नेहमी येतो : 'महाराष्ट्राचं कार्ड नाही, मग औषध कसं मिळणार?' इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

हिपॅटायटिसच्या गोळ्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळतात. त्यांचा विमा कार्डाशी संबंध नाही.

आयुष्मान भारत (कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत), आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा आणि महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. रक्ताची उलटी, पोटात पाणी, शस्त्रक्रिया अशा वेळी त्या कामी येतात. ओपीडीतल्या रोजच्या गोळीसाठी नव्हे. आयुष्मान भारतचं कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालतं. ७० वर्षांवरील व्यक्तींना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता ते मिळतं.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. या वादाचा निकाल काहीही लागो, हिपॅटायटिसच्या रुग्णाने त्यासाठी थांबायचं कारण नाही. त्याची गोळी जवळच्या सरकारी केंद्रात आहे.

महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आलीच, तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे उत्पन्नाच्या दाखल्यासह विचारावं, आणि हे दाखल होण्याआधीच करावं.

सोबत जाणाऱ्याने काय करावं

पैशांची मदत लागतेच, पण पहिल्या दोन फेऱ्यांना सोबत कुणी असलं तर रुग्ण टिकतो. मंडळ, बचत गट, आशाताई किंवा नात्यातलं शिकलेलं पोर हे काम करू शकतं.

- सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावावेत. वरच्या कागदावर चालू औषधं लिहावीत.
- फॉर्म कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा हिंदीत असेल तर भरून द्यावा. डॉक्टरांचं म्हणणं घरी येऊन मराठीत लिहून ठेवावं.
- पुढच्या फेरीचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवावं. मंडळाला मदत करायची असेल तर एकरकमी देणगीपेक्षा सहा फेऱ्यांचं भाडं आणि रोज देणं जास्त उपयोगी पडतं.
- कामासाठी गाव सोडावं लागणार असेल तर औषध संपायच्या आत केंद्राला सांगावं. दुसऱ्या केंद्रातून पुढचं औषध घेण्याची व्यवस्था विचारून कागद घ्यावा.
- आजाराचं नाव रुग्णाच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नये. फाइल हाताळणाऱ्याने एवढं पाळलं नाही, तर पुढचा रुग्ण मदत मागायलाच येत नाही.

एका ताटात जेवल्याने, गळाभेटीने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने बी-सी होत नाहीत. रेझर, नेलकटर, दातांचा ब्रश मात्र वेगळा ठेवावा. भांडी वेगळी काढण्याची गरज नाही, आणि सुनेला त्यासाठी माहेरी पाठवण्याची तर मुळीच नाही.

औषध सुरू झाल्यावर

सीच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत. ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, ते पूर्ण कोर्स घेणारे. सीचं औषध सुरू करण्याआधी बीची चाचणी करतात, कारण दबलेला बी उसळू शकतो. क्षयरोगाची रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन आणि हृदयाची अमिओडारोन या गोळ्यांशी यातल्या औषधांचं जमत नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी वेलपाटासविरचा परिणाम कमी होतो. झाडपाल्याचं काही चालू असेल तर तेही न लाजता सांगावं. दारू बंद.

बीची गोळी बरं वाटलं म्हणून मनाने थांबवली तर आजार एकदम उसळून यकृत निकामी होऊ शकतं. डोस संपायच्या आठवडाभर आधीच पुढचा घेऊन ठेवावा.

सी बरा झाल्यावरही अँटी-एचसीव्ही चाचणी आयुष्यभर पॉझिटिव्ह येऊ शकते. नोकरीच्या तपासणीत यावरून गैरसमज होतो. म्हणून उपचारानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या आरएनए चाचणीचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट जपून ठेवावा. ज्यांना सिऱ्होसिस झाला आहे त्यांनी सी बरा झाला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणं, गुंगी किंवा बरळणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

घरातल्या बाकीच्यांचं काय

एक रुग्ण सापडला की जोडीदार, मुलं आणि बीच्या बाबतीत भावंडं व आई यांची चाचणी करावी. २००१ मध्ये दान केलेल्या रक्ताची सी तपासणी सक्तीची होण्याआधी ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांनीही एकदा चाचणी करून घ्यावी.

बीला लस आहे. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये भारतीय बनावटीची पहिली जनुकीय तंत्राची लस आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. आज सरकारी लसीकरणात ती मोफत आहे : पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत, पुढचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. आई बी पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. म्हणून बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवून तिथे रिपोर्ट दाखवून ठेवावा. सीला अजून लस नाही. त्याला अडवण्याचा मार्ग म्हणजे प्रत्येक वेळी नवी सुई.

ज्यांच्या घरात जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट पडून आहे, त्यांनी तो काढून त्यावरची तारीख पाहावी. तो २०१८ च्या आधीचा असेल तर त्या वेळी सांगितलेला खर्च आज लागू नाही. आधी जवळच्या केंद्राची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारावं आणि तो कागद घेऊन पहिली फेरी करावी.